चार बोटं वर राहिलेलं झाकण

एकतीस डिसेंबर, देवास, भाऊजींची गच्ची. हजर: भाऊजी, धाकटी जाऊ, शेजारचे काका आणि मी. आंब्याच्या लाकडाचा धूर आला की ती दुपार आठवते. रांजणासारख्या नव्या सिरॅमिक ग्रिलमध्ये भाऊजी अख्खी टर्की धुरावर शिजवणार, हे साऱ्या कॉलनीला सांगून झालं होतं. टर्की आत मावेल का याची मापं मी घेतली होती, तरी झाकण चार बोटं वरच राहिलं! "भरल्या वांग्यासारखा मसाला ठासलास, फुगली ती!" भाऊजी जावेवर घसरले. मग माझ्याकडे वळले, "वहिनी, पाहुण्यांना आता पोहे घालू?" तेवढ्यात काका ओरडले, "अरे भिया, जाली नीचे उतारो नी!" जाळी खाली उतरवली, श्वास रोखून झाकण दाबलं आणि ते बसलं! आम्ही टाळ्याच पिटल्या. संध्याकाळी पाहुण्यांनी नुसती हाडं ठेवली. जावेच्या मसाल्याची थट्टा मात्र इतक्या वर्षांनी आजही चालते. मी फक्त रुंदी मोजली होती, उंची मोजलीच नव्हती, हे तिला सांगायचं माझ्या नव्या वर्षाच्या संकल्पांच्या यादीत अजून बाकी आहे.