एरर म्हणजे एरर!

मंडळी, आज माझ्या लेकाने, निनादने, माझ्याशी अबोला धरलाय.

त्याच्या शाळेच्या बेसबॉल टीमची स्कोअरची वही मी लिहिते. आज सकाळच्या मॅचमध्ये सरळ हातात आलेला बॉल निनादने सोडला आणि समोरचा बॅटर आरामात पहिल्या बेसवर पोचला. मी निनादच्या नावावर एरर, म्हणजे बॉल अडवणाऱ्याची चूक, लिहिली.

कोच वहीत डोकावून इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाले, "आंटी, ओन सन! जस्ट राइट हिट लाह."

का म्हणून? हिट लिहिली की दोष जातो बॉल टाकणाऱ्या मुलावर. त्याने तर बॉल उत्तम टाकला होता. माझ्या पोराची चूक मी दुसऱ्याच्या पोराच्या माथी मारू? मी साफ नाही म्हटलं.

परतताना एमआरटी ट्रेनमध्ये निनाद फणकारला, "आर यू माय मदर ऑर नॉट?"

म्हटलं, "आई आहे, म्हणूनच लिहिली."

आमचं बुकित बातोक स्टेशन येईपर्यंत तो खिडकीबाहेर बघत होता. बघू दे.

कोचनी मला बजावलंय, पुढच्या मॅचला पेन्सिल आणा, म्हणजे खोडता येईल. मी घरी येताना नवीन पेन घेऊन आले.

तुम्ही काय आणलं असतं?