जानरावांनी झोप कबूल केली

जानराव दुपारी कधीच झोपत नाहीत, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं होतं. घोरताना कोणी हलवलंच तर ते म्हणत, "डोये मिटून इचार करून राहिलो होतो." अकोट तालुक्यातल्या सावरपेठेत त्यांचा हा विचार पलीकडच्या गल्लीपर्यंत ऐकू जाई. त्यांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी, तो लग्नापासून ऐकला होता.

मे महिन्यात असाच विचार चालू असताना खिडकीतला कूलर चोरीला गेला. चालू कूलर, पाण्यासकट. जानराव घामानं निथळत उठले, तर खिडकीतून थेट ऊन तोंडावर येत होतं.

कूलर कापसाच्या जिनिंगमागच्या मैदानात सापडला. त्याला टेकून शिवम, हसनैन आणि ललित बसले होते. तिघांतला थोरलाही नववीतच होता. हवालदार गजेंद्रनं कागदावर ठसठशीत लिहिलं, 'कूलर टोळी'. कूलर आधीपासून इथंच होता, आमी नुसते टेकलो, असं पोरं सांगत होती. विजेविना कूलरला कशाला टेकायचं, असं गजेंद्रनं विचारलं, तर हसनैन म्हणाला, पत्रा गार लागत होता.

प्रकरण अकोल्याला बाल न्याय मंडळापुढे गेलं. गजेंद्रनं मुद्देमाल म्हणून कूलरही नेला. त्याची सगळी भिस्त जानरावांवर होती, कारण आपण जागेच होतो, हे त्यांनी गावभर सांगून ठेवलं होतं.

जानरावांनी कूलर ओळखला. मग पोरांच्या वकील प्रतीक्षाताई उठल्या.

"काका, तुम्ही जागे होता. मग कूलर कोणी नेला, ते पाहिलंच असेल?"

जागे होतो म्हणावं, तर एका तरी पोराकडे बोट दाखवणं भाग होतं, आणि जानरावांनी तर कोणालाच पाहिलं नव्हतं. धाकटा ललित त्यांच्या बोटाकडेच बघत होता. उकाड्यामुळे दार उघडं होतं आणि बाहेरच्या बाकड्यावर सुभद्राबाई मान लांब करून बसल्या होत्या.

"कोणालेच नाई पाह्यलं, बाई."

"का नाही पाहिलं?"

"झोपलो होतो."

मंडळाच्या मॅजिस्ट्रेटबाईंनी मोठ्यानं सांगायला लावलं. जानरावांनी कपाळ पुसलं. "झोपलो होतो. घोरतही होतो म्हणतेत."

"हे लिहून घ्या, साहेब," बाहेरून सुभद्राबाई म्हणाल्या. शिपायानं त्यांना गप्प केलं, पण त्यांचा चेहरा नातू झाल्यासारखा फुलला होता.

मंडळानं निकाल दिला. चोरताना कोणी पाहिलं नाही, मैदान सगळ्यांना मोकळं, आणि कूलरला टेकणं म्हणजे चोरणं नव्हे. पुरावा अपुरा. पोरं सुटली, कूलर जानरावांना मिळाला.

तो गावी न्यायला मालवाहू ऑटो ठरवला. जानराव आणि गजेंद्रनं जोर लावला, पण गजेंद्रची कंबर धरली. पोरांना ते बघवेना. ललितनं खालचं बूच काढून उरलंसुरलं पाणी सोडलं, हसनैननं वायर गुंडाळून कमरेला खोचली, शिवमनं एक कोपरा तिरका केला, आणि कोणी काही न बोलता कूलर अलगद ऑटोत जाऊन बसला.

गजेंद्रनं तोंड उघडलं.

"निकाल लागलाय, हवालदार," प्रतीक्षाताई घाईनं म्हणाल्या.

जानरावांनी तिघांनाही ऑटोत मागं चढवलं.

"नीट धरून बसा," ते म्हणाले. "आन घरी गेल्यावर खिडकीतबी तुमीच बसवून द्या."

शिवमनं विचारलं, "मांगच्या खिडकीत ना, काका?"


जानराव पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.