इंदूबाईनं लावलेली पेटी

"न्हाई वो बाईसाहेब, आनखी मासं नगा आनू. आदी आनल्यालं काय झालं ते बघितलं न्हवं?"

"पण एवढ्या मोठ्या पेटीत एकच मासा, इंदू? साहेबांचे मित्र विचारतात, बाकीचे सुट्टीवर गेलेत का."

"मंग सांगा की, ह्यानंच दिली त्येंला सुट्टी."

असं म्हणत इंदूबाईनं चहाच्या गाळणीनं मेलेला मासा वर काढला. सोनेरी, चपटा, शनिवारीच साहेबांनी पुण्याहून आणलेला. मंगळवारी त्याच्या शेपटीच्या दशा झाल्या होत्या. काचेच्या पेटीत त्याला मारणारा मात्र कल्ले फुगवून येरझारा घालत होता. बोटाएवढा, तांबडाभडक, नऊवारीच्या निऱ्या सोडाव्यात तशी शेपटी. साहेब त्याला फायटर म्हणत. मुंबईहून जामच्या बाटलीत घालून आणला होता. इंदूबाई त्याला पाटील म्हणायची, पण ते बाईसाहेबांसमोर नाही. नवऱ्याला म्हणायची, "येका गावात दोन पाटील नांदत न्हाईत, तसं हाय ह्येचं." नवरा, कोंडीराम, बंगल्याचा माळी आणि राखणदार. तो इकडंतिकडं बघून म्हणायचा, "हळू बोल की. भित्तीला कान असत्यात."

ही ऐंशीच्या पुढं दोनएक वर्षांतली गोष्ट. मुळशी धरणाच्या पाण्याकडेला पुण्याच्या एका कारखानदाराचा हा बंगला. बाईसाहेबांना शहरातला धूर सोसायचा नाही, म्हणून त्या बारा महिने इथंच. साहेब शनिवारी यायचे, सोमवारी जायचे. मधले पाच दिवस बाईसाहेब, पेटीतला मासा आणि खिडकीतनं दिसणारं पाणी. बोलायला इंदूबाई.

"तुला एवढं कळतं, तर तूच का लावत नाहीस पेटी?" बाईसाहेब म्हणाल्या.

इंदूबाईनं गाळणी खाली ठेवली. हात पदराला पुसले. असा धागा हाताला लागेल म्हणून ती दसऱ्यापासनं वाट बघत होती.

"लावते की. पन माजं येक काम हाय. कमळीला सावा लागलाय. पैलं बाळातपन. ते म्हायेरीच व्हाया पायजे. माघात सव्वा म्हैना सोडा मला. झाडलोट, भांडी माजी जाऊ करंल."

"झाडलोट कुणीही करील गं. पेटीचं काय?" बाईसाहेबांनी काचेतल्या माशाकडं बघितलं. "बरं. मासे एकमेकांत राहिले, महिनाभर एकही मेला नाही, तर जा. सव्वा महिना जा."

लेक कमळ बावधनला दिलेली. तिची सासू गोजराबाई शब्दाला कडक. तिनं सांगून धाडलं होतं, "आय मोकळी असंल तर पोरीला लावून देतो. दिसभर बंगल्यात राबनारी आय बाळातिनीच्या उशाला कवा बसनार?" बोलणं टोचणारं, पण खोटं नव्हतं. इंदूबाई सकाळी सहाला बंगल्यात शिरायची ती दिवेलागणीलाच बाहेर पडायची. राहायची खोलीही बंगल्याच्याच आवारात, मागल्या बाजूला. सडकेच्या वरल्या अंगाला बौद्धवस्तीत दिराचं घर होतं. सुट्टी मिळाली की लेकीला घेऊन तिथं राहायचं, असं ठरलेलं.

तिला माशांतलं कळायचं ते बापामुळं. बाप ओढ्याला हातानं मासे धरायचा आणि ही लहानपणी मागं पाटी घेऊन असायची. कुठल्या दगडाखाली काय बसलंय हे नुसत्या पाण्याच्या हालचालीवरनं ओळखायची. बंगल्यात या विद्येचा उपयोग होईल असं तिला कधी वाटलं नव्हतं. इथं स्वयंपाकाला दुसरी बाई होती आणि प्यायच्या पाण्याच्या माठाला इंदूबाईनं हात लावायचा नाही, हे कुणी न सांगता ठरलेलं होतं. माशाच्या पाण्यात मात्र तिनं कोपरापर्यंत हात घातला तरी चालायचं.

दिवाळी झाल्यावर तिनं काम धरलं. आधी पेटी रिकामी केली. साहेबांनी तळाला रंगीत गोट्या आणि प्लास्टिकची झाडं घातली होती, ती उचलून टोपलीत टाकली. धरणाच्या काठावरनं काळा गाळ आणला, तळाला दोन बोटं थापला. त्यावर ओढ्याची वाळू. वाळू तिनं अकरा वेळा धुतली तरी पाणी गढूळच. बाराव्या वेळी पाणी निवळशंख निघालं तेव्हा थांबली. पाणी नळाचं घेतलं नाही, कारण टाकीत जंतुनाशक पावडर पडायची. विहिरीचं शेंदून आणलं, आणि वाळू उकरू नये म्हणून ताटलीवर हळू ओतलं.

मग झाडं. धरणाच्या उथळ अंगाला पट्टीसारखं लांब गवत पाण्याखाली उगवतं, ते मुळासकट आणून मागल्या काचेला ओळीनं खोचलं. दाट पाल्याचं शेवाळ एका कोपऱ्यात. वर तरंगणारी पानं थोडी. एक कडप्प्याचा तुकडा तिरका टेकवून खाली बीळ केलं.

"आता सोड मासे," बाईसाहेब म्हणाल्या.

"आत्ता? आत्ता न्हाई. पंधरा दिस ऱ्हाऊंद्या तसंच."

"रिकामी पेटी पंधरा दिवस बघत बसू?"

"बाईसाहेब, लोनचं घातल्या दिशी खाताव का आपन? मुराया पायजे. पानी बी मुरतं."

पाणी आधी गढुळलं, मग हिरवट झालं, मग एका सकाळी असं निवळलं की पेटीत पाणी आहे का नाही कळंना. गवताला नवे कोंब आले. काचेवर बारकी गोगलगाय चालत होती. कुणी आणली नव्हती, गवताबरोबर आली.

त्याच सुमाराला नथू आला. नथू हिवताप खात्यात होता. सायकलीला डबा बांधून गावोगावच्या विहिरींत डास खाणारे गप्पी मासे सोडायचं त्याचं काम.

"इंदाक्का, ह्ये घे धा मासं. सरकारी हायेत, कुनाशी भांडत न्हाईत."

इंदूबाईनं घेतले, आणि तिथंच चुकली. दुसऱ्या दिवशी सकाळी रंगीत शेपटीचे चार नर फाटून तरंगत होते. नथूला कळलं तेव्हा तो म्हणाला, "डूटीवर मेलं. आता त्येंच्या बायकांला पेन्शन लावाया पायजे."

"तुजं त्वांड लई चालतंय रं. माजी सुट्टी बुडंल ह्यात."

पण बायका जगल्या होत्या. सहाच्या सहा माद्या, मातकट रंगाच्या, पाटलाच्या नाकासमोरनं फिरत होत्या आणि पाटील त्यांना विचारत नव्हता. इंदूबाई हनुवटीखाली हात घेऊन पेटीसमोर बसली. दुपारची भांडी तशीच राहिली. बराच वेळ बघून उठली आणि बाईसाहेबांना म्हणाली, "कळलं. ज्येला शेपूट मिरवायची हौस, त्येच्यावर ह्यो उठतोय. त्येला वाटतंय दुसरा आला. गरिबावानी ऱ्हानाऱ्याला ह्यो ढुंकून बघत न्हाई."

माद्या तिनं नथूला परत दिल्या. "पिल्लं घालून पेटी भरून टाकतील, घिऊन जा." मग स्वतः ओढ्याला गेली. जुन्या लुगड्याचा तुकडा पाण्यात धरून वरल्या थराला पोहणारे बारके मासे धरले. पेराएवढे, रुपेरी, अंगावर एक काळी रेघ. सात घेतले.

"सातच का? दोन पुरेत," बाईसाहेब म्हणाल्या.

"दोन असलं तर बिथरत्यात, मंग दुसऱ्याच्या शेपटीला त्वांड लावत्यात. कळपात आसलं की आपल्याआपल्यात ऱ्हात्यात."

तळासाठी तीन मुऱ्या. मुरी म्हणजे वाळूत तोंड खुपसून बसणारा मिशाळ मासा. ना कुणाच्या अध्यात, ना मध्यात. आणि पाटलाला तिनं पेटीतनं काढून आठ दिवस जामच्या बाटलीत ठेवलं.

"त्याचीच पेटी, आणि त्यालाच बाहेर?"

"आदी घर ह्या बाकीच्यांचं हूंद्या. मंग ह्यो पावना म्हनून यील. दुसऱ्याच्या घरात पावना आवाज चढवत न्हाई."

तसंच झालं. नवव्या दिवशी पाटील आत सुटला. कल्ले फुगवले, दोन फेऱ्या मारल्या, रुपेरी कळप गवतात शिरला आणि दुसरीकडनं निघाला. मुऱ्यांनी वर बघितलंही नाही. पाटील तरंगत्या पानाखाली जाऊन टेकला. झाकणाची काच पाण्याला टेकायची, म्हणून पाणी तिनं चार बोटं खाली ठेवलं. "मरळ कशी वर यिऊन वारा पिती? ह्यो तिच्याच भावकीतला. वरनं कोंडला तर पान्यात असून गुदमरंल."

महिना गेला. एकही मासा मेला नाही. इंदूबाईनं बावधनला निरोप धाडला, "पौशाच्या शेवटाला न्याया येते." जावेला बंगल्याचं काम दाखवून ठेवलं. जुन्या पातळांची बाळोती शिवली. डिंक आणि आळीव पौडच्या बाजारातनं आणून डब्यात भरून ठेवलं.

नाताळच्या सुट्टीत साहेबांचे पाहुणे आले. दिवाणखान्यात पेटीसमोर खुर्च्या मांडून बसले. इंदूबाई दाराआड बशा पुसत होती.

"अरे, हे पुण्यात कुणाकडे नाही!"

"आमच्या इंदूचं डोकं," साहेब म्हणाले. "पंप नाही, फिल्टर नाही. ही बाई आहे म्हणून हे आहे. ही गेली की माझे मासे गेलेच समजा."

ऐकून इंदूबाईला बरं वाटलं. बशी पुसून होईस्तोवर बरं वाटलं.

पुढच्या शनिवारी गाडीतनं दोन नव्या पेट्या उतरल्या, आणि दोन बाटल्या. एकीत निळा फायटर, एकीत पांढरा.

"बाईसाहेब, पौस लागला."

"अगं, मी कुठे नाही म्हणतेय? शब्द दिलाय मी. पण या दोन तेवढ्या लागू देत. तशाच रिकाम्या ठेवून गेलीस तर साहेब मला बोलतील. त्या लागल्या की जा."

"पानी मुरायलाच पंधरा दिस लागत्यात. आनखी म्हैना नांदाया. कमळीचा नववा भरंल."

"मग काय झालं? पुण्यात हल्ली सासरीसुद्धा होतात बाळंतपणं."

"आन् जुनी पेटी जावंवर सोडून जाते म्हनलं, तर?"

"तिला काय कळतंय त्यातलं? आणि मला तर हात लावायचीसुद्धा भीती वाटते."

"हात लावायचाच न्हाई, बाईसाहेब. म्हनून तर तशी लावलीया. चिमूटभर खानं टाकायचं, बस."

बाईसाहेब हसल्या. वाईट नव्हत्या त्या. "तूच हवीस बाई," म्हणाल्या, आणि खिडकीशी जाऊन बसल्या.

पेटी बिनहाताची लावली की आपले हात सुटतील, हा इंदूबाईचा हिशेब. जितकी चांगली लागली, तितकी तीच अडकली.

त्या दुपारी दिवाणखान्यात कुणी नव्हतं. इंदूबाईनं बादलीभर पाणी पाटलाच्या पेटीत ओतलं, पार काठोकाठ. काचेचं झाकण दाबून बसवलं. पाटील वर आला. काचेला तोंड लागलं. खाली गेला, परत आला, परत काचेला लागला. कळप आपला गवतात. ती बघत उभी राहिली. मग झाकण उचललं आणि मगानं पाणी उपसून चार बोटं खाली आणलं.

रात्रीच्या भाकरीला तिनं कोंडीरामला सांगितलं. तो म्हणाला, "मरूं द्याचा हुता. सुटली असतीस."

"कशी सुटते? मेला तर सायेब दुसरा आनतील. त्येला कोन लावनार? जगला तरी मीच आन् मेला तरी मीच."

"मंग सोड काम."

"आन् ही खोली? तुमी कुटं निजनार, धरनाच्या भित्तीवर?"

कोंडीरामनं भाकरीचा तुकडा मोडला.

तिनं दोन्ही पेट्या लावायला घेतल्या. गाळ, वाळू, गवत. पण पाण्याला घाई करता येईना. पाणी आपल्या चालीनं निवळत होतं आणि कमळीचे दिवस आपल्या चालीनं भरत होते. दुसऱ्यांदा निरोप आला, "कवा येताव?" हिनं सांगितलं, "आठ दिसांनी." आठ दिवसांनी पुन्हा तेच सांगितलं. तिसरा निरोप आलाच नाही.

माघातल्या एका बुधवारी सकाळी फाटकाशी सायकलची घंटी वाजली. नथू होता. उतरलाही नाही, एक पाय टेकून उभा राहिला.

"इंदाक्का, आजी झालीस."

इंदूबाईच्या हातात रबरी नळी होती. "कवा?"

"परवा राती. पोरगी हाय. शेजारनीनं सोडवली. पौडच्या स्टँडावर जावई भेटला, त्यो म्हनला सांग."

"कमळी?"

"बरी हाय. लई येळ आडली हुती म्हनं, पन बरी हाय." नथूनं खाली बघितलं. "सासूनं आनखी सांगितलंय. सांगू का?"

"सांग की. तुज्या पदरचं थोडंच हाय."

"म्हनली, पैलं बाळातपन आमी केलं, येवढं ध्येनात ठिवा. माशांचं उरकलं की पोरीला बघून जावा."

नथूनं पायडल मारलं. निळ्या फायटरची पेटी अजून नीट लागली नव्हती, तिचं पाणी बदलायचं अर्धं राहिलं होतं, म्हणून इंदूबाई आत गेली. बाईसाहेबांनी खिडकीतनं ऐकलं होतं. त्या उठल्या, कपाटातनं एक मऊ जुनी साडी काढून दिली.

"बाळोत्याला होईल. आणि हे बघ, रविवारी पाहुणे आहेत. सोमवारी जाऊन ये. सकाळच्या गाडीनं जा, संध्याकाळी परत. एक दिवस मी बघेन पेट्या."

"बरं."

"रागावलीस?"

"न्हाई. सोमवारी जाते."

साडी घडी घालून तिनं बादलीपासनं लांब ठेवली. भिजायला नको. नळीचं एक टोक पेटीत सोडलं, दुसरं तोंडात धरून ओढलं. आज ओढ जास्त झाली, पाणी तोंडात आलं, गाळाची चव. ते तिनं बादलीत थुंकलं, नळी खाली केली आणि तळाची घाण काढत निघाली. एका कोपऱ्याकडनं, सावकाश, गवताची मुळं उपटणार नाहीत अशा बेतानं.