पाया पडा, मला बघायचंय

लॉकडाऊनमधला पदवीदान समारंभ आमच्या जेवणाच्या टेबलावर पार पडला. लेकीने नवा कुर्ता घातला होता, खाली घरातलाच पायजमा. मी शेजारी बसलो होतो. लॅपटॉपवर छोट्या छोट्या चौकटींत तिचा सगळा वर्ग आणि मोठ्या चौकटीत प्रमुख पाहुणे. त्यांनी स्वतःच्याच घरी, स्वतःच्याच बायकोच्या हातून शाल-श्रीफळ स्वीकारलं आणि सुरू झाले. संकटात संधी शोधा. मोठी स्वप्नं पाहा. सभागृहात निदान कुणी खोकलं असतं, कुणी खुर्ची सरकवली असती. इथे सगळ्यांचे आवाज आधीच बंद करून ठेवलेले. उपदेश करणाऱ्याला याहून चांगले श्रोते कुठे मिळायचे?

मग त्यांना भरून आलं. "बाळांनो, आत्ताच्या आत्ता उठा आणि आईवडिलांच्या पाया पडा. मला बघायचंय!"

एकेक चौकट रिकामी होत गेली. लेक माझ्या पायाशी वाकली, पण माझं लक्ष पडद्यावर होतं. तिची एक मैत्रीण उठून मागे वळली, तेव्हा इतका वेळ तिच्या डोक्याआड असलेला फोटो दिसला. आईवडिलांचा, जोडीने काढलेला. त्यावरचा हार अजून ताजा होता. तिने त्या फोटोला वाकून नमस्कार केला, परत येऊन बसली आणि कॅमेरा बंद केला. काळ्या चौकटीत नुसतं नाव उरलं.

"कुणीतरी कॅमेरा बंद केलाय," पाहुणे हसत म्हणाले. "अगं, लाजतेस काय? आनंदाचा दिवस आहे आज!"