हजार वर्षांचं कडं आणि परवाचं ताक

माझे थोरले साडू ज्या वस्तूला हात लावतात ती वस्तू जागच्या जागी दोनशे वर्षांनी म्हातारी होते. बुधवारच्या बाजारात, गोदावरीच्या काठाला, फाटक्या ताडपत्रीवर पडलेला एखादा अडकित्ता त्यांनी उचलला, की पंचवटीतल्या त्यांच्या घरी पोचेपर्यंत तो पेशवाईत गेलेला असतो. वाटेत कोणी ओळखीचं भेटून गप्पा लांबल्या, तर यादवांचा काळही फार दूर राहत नाही. आमच्या लग्नात त्यांनी आम्हाला एक गंजका कंदील आहेर केला. "याने फार पाहिलंय, याला जपा," असं वर बजावलं. त्याला बूडच नव्हतं, त्यामुळे तो पेटवायचा प्रश्न कधी आला नाही. पण मी बोलणार काय? मला कालची मेथी आणि आजची मेथी यांतला फरक कळत नाही, हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. एकाच सासऱ्यांनी आम्हा दोघांना जावई करून घेतलं, एवढं सोडलं तर आमच्यात साम्य असं काही नाही.

कुणाच्याही घरी गेले की साडूभाऊ आधी भांडी वाजवून बघतात. बोटाच्या पेरानं टक्‌ करायचं आणि डोळे मिटून कान लावायचा. "कांसं बोलतं, पितळ बडबडतं, आणि स्टील मख्ख बसतं," हे त्यांचं ठाम मत. एकदा चहाची वाट बघत बसलो असताना त्यांनी सगळ्यांदेखत माझ्या टकलावर टिचकी मारली, कान जवळ आणला आणि गंभीरपणे "स्टील" म्हणाले. आमची सौ. आठवडाभर हसत होती. अजूनही माझा एखादा मुद्दा तिला पटला नाही की ती नुसतं "स्टील" म्हणते आणि विषय संपतो.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे कुठलीही जुनी वस्तू घासू द्यायची नाही. तांब्याकाशावर जो हिरवा थर चढतो, ज्याला आपण कळंक म्हणतो आणि नाक मुरडतो, तो त्यांच्या लेखी त्या वस्तूचा मान. "बाईचं वय पुसू नये आणि भांड्याचंही पुसू नये," असं म्हणून ते स्वतःच हसायचे. थोरली मेहुणी होती तोवर ती हे ऐकायची आणि ते बाहेर गेले की गुपचूप घासायची. ती गेली आणि घरावर थर चढत गेले. सौ. दर सणाला तिथे फडकं घेऊन जायची आणि भांडून परत यायची. मी दोघांनाही "बरोबर आहे तुमचं" म्हणायचो. माझ्या संसाराचा सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे.

त्यांची एकुलती एक मुलगी मधुरा नोकरीसाठी नॉर्वेला गेली आणि तिनं तिथलाच मुलगा पसंत केला. साडूभाऊंनी साफ नकार दिला. "निफाडला दिली असती तर द्राक्षाच्या गाडीतून तरी भेटायला गेलो असतो. तिथे मी कसा जाऊ?" असं म्हणायचे आणि ताटावरून उठायचे. मी समजूत घालायला गेलो आणि त्यांच्या बाजूनं बोलून परत आलो. मग मधुरा सुट्टीला आली, ती एक कडं घेऊन. मुलाच्या आईनं दिलेलं. कांशाचं, पीळ घातलेलं, गर्द हिरवं-काळं. त्यांच्या शेतावरच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं, तिकडच्या जुन्या दर्यावर्दी व्हायकिंग लोकांच्या काळातलं, हजार वर्षांचं. व्हायकिंग म्हणजे मला एखाद्या नव्या मोटारसायकलचं नाव वाटलं, आणि मी ते बोलूनही दाखवलं.

साडूभाऊंच्या आयुष्यात प्रथमच वस्तूचं वय त्यांच्या थापेपेक्षा मोठं निघालं होतं. त्यात भर घालायला त्यांना काही उरलंच नाही. त्यांनी पेरानं टक्‌ केलं आणि डोळे मिटून कान लावला. "बोलतंय," म्हणाले. "द्यावी पोर. ज्या घरानं इतकी वर्षं हे घासलं नाही, विकलं नाही, ते माझ्या लेकीला जपेल." भाऊबंद म्हणाले, म्हाताऱ्यानं एका कड्यावर मुलगी दिली. म्हणोत बापडे. साखरपुड्याला विहीणबाई नाशिकला येणार आणि ते कडं स्वतःच्या हातानं साडूभाऊंच्या मनगटात घालणार, असं ठरलं.

मावशी या नात्यानं सगळी तयारी सौ.कडे होती. साखरपुडा दोन दिवसांवर आला आणि तिनं देवाची उपकरणी घासायला काढली. त्यांत साखरपुड्याच्या ताटासाठी आमच्याकडे आणून ठेवलेलं ते कडंही काढलं. "व्याह्यांकडची वस्तू अशी कळकलेली हातात घालायची? लोक काय म्हणतील?" चिंच आणि मीठ लावून तिनं ते असं काही घासलं, की नव्या समईसारखं लखलखायला लागलं. मग हळदकुंकू लावून देवापुढे ठेवलं. साडूभाऊ आले, त्यांनी बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. "त्यांनी हजार वर्षं सांभाळलं," एवढंच म्हणाले. "आपल्याला चार दिवस जमलं नाही. आता कुठल्या तोंडानं म्हणू, की आम्ही जपणारी माणसं आहोत?" सौ. पदरानं डोळे पुसत उभी होती.

अशा वेळी मी गप्प बसायला हवं होतं. पण कळंक या विषयावर जगातलं एकच ज्ञान माझ्याकडे आहे. लहानपणी बिनकल्हईच्या पातेल्यात ताक राहिलं होतं, ते हिरवं झालं, आणि ते पिऊन आमचं अख्खं घर आडवं झालं होतं. मी म्हणालो, "ताकात घालू." आणि नवल म्हणजे माझं म्हणणं मान्य झालं. आंबट ताकात मीठ घालून त्यात फडकं भिजवलं आणि कड्याला गुंडाळलं. आम्ही तिघं आळीपाळीनं ते उघडून बघत होतो. साखरपुड्याच्या सकाळी कडं हिरवं झालं होतं. पण व्हायकिंगांचं हिरवं वेगळं आणि आमचं वेगळं. आमचं थेट पोपटी होतं, आणि वास कढीचा.

विहीणबाई उंच, शांत, काठपदराच्या साडीत जपून पावलं टाकणाऱ्या. त्यांनी ताटातलं कडं उचललं, निरखलं, आणि मग नाकाशी नेलं. मधुराचा चेहरा पडला. मी पुढे सरसावून इंग्रजीत सांगू लागलो, की नाशिकची हवा फार दमट असते. ऐन मे महिना होता, आणि त्यांच्या कपाळावर घाम सुकून मीठ दिसत होतं.

"गप्प बसा हो," साडूभाऊ मला म्हणाले. मग मधुराकडे वळले. "सांग त्यांना. आमच्यात नव्या नात्याची वस्तू आली, की चिंचेनं घासून देवापुढे ठेवतात. मावशीनं मायेनं घासलं. मग आम्ही घाबरलो आणि ताकात घातलं. हा कळंक हजार वर्षांचा नाही, परवाचा आहे." जन्मभर अडकित्त्यांना पेशवाईत धाडणारा हा माणूस पहिल्यांदाच एखाद्या वस्तूचं खरं वय सांगत होता.

विहीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग मधुराला काहीतरी विचारलं. मधुरा हसता हसता रडायला लागली. "मावशी, त्या विचारतायत, चिंच आहे का अजून."

त्या स्वतः सौ.बरोबर मोरीशी बसल्या, साडी खोचून. दोघींनी मिळून कडं पुन्हा लख्ख केलं. "घालायचीच वस्तू ना ही," असं काहीसं त्या म्हणाल्या आणि ते साडूभाऊंच्या मनगटात घातलं.

लग्न इथेच झालं. मधुरा हिरवा चुडा भरून गेली. साडूभाऊ बुधवारच्या बाजाराला आता क्वचित जातात. कडं मात्र हातातून काढत नाहीत. ते पुन्हा हिरवं होईल अशी त्यांची आशा आहे, पण रोज अंगावर घासून घासून ते चकाकतच राहतं. हिरवं झालंय ते मनगट. घामानं तिथे एक वळं उमटलंय.

परवा रविवारी ते आमच्याकडे पोह्यांना आले होते. त्यांचं मनगट बघून सौ. आतून लिंबाची फोड घेऊन आली. "भाऊजी, हे चोळा, निघून जाईल," असं म्हणते आहे, तेवढ्यात मधुराचा व्हिडिओ कॉल आला. तिचे हात मोकळे होते.

"चुडा उतरवलास होय?" साडूभाऊ म्हणाले. "बरं केलंस. ऑफिसात वाजत असेल." मग त्यांनी कडं वर सरकवलं आणि हिरवं मनगट फोनसमोर धरलं. "माझा आहे अजून."

सौ.नं हातातली फोड गुपचूप माझ्या पोह्यांवर पिळली.