मामाची पिवळी साडी विमानात

थोरलीचं लग्न आम्ही जालन्यात, मस्तगडच्या आमच्या घरापुढंच मांडव घालून केलं. नव्वदीतली गोष्ट. मला सख्खा भाऊ एकच, तो मुंबईला नोकरीला. आमच्याकडं नवरी अंतरपाटापुढं उभी राहते ती मामानं आणलेली पिवळी साडी नेसून, अन् तिला हात धरून मामाच मांडवात आणतो. मामा न्हाई तर नवरी घरातून हलायची न्हाई, असं समजा.

मी त्याला फोनवर सांगितलंच होतं, "आदल्या रात्रीच्या गाडीनं निघ बाबा."

तो म्हणाला, "आक्का, रात्रभर कशाला? विमान पाऊण तासाचं. चिकलठाण्याला उतरलो की जीपनं तुझ्याकडं. नाश्त्याला येतो बघ."

आता आमच्यात विमानात बसलेलं कुणीच नव्हतं. आम्ही सगळ्यांनी एसटीसारखा हिशोब धरला, पाऊण तास म्हणजे पाऊण तास. इथून जवळच्याच राजूरहून आलेला माझा चुलत भाऊ तर म्हणाला, "मला राजूरहून यायला याच्याहून जास्ती लागलं. मी पण मुंबईलाच राह्यला जातो आक्का, जवळ पडंल."

सकाळी पोरीला न्हाऊ घातलं. ती माझं जुनं पातळ गुंडाळून आतल्या खोलीत बसली, साडी यायची होती ना. माझे दीर जीप घेऊन विमानतळावर गेल्ते. तिथून शेजाऱ्यांकडं त्यांचा फोन आला.

"वहिनी, विमान मुंबईहून उठलंच न्हाई अजून. बिघाड झाला म्हणतेत. माणसं आत बसून हायेत."

"मंग कधी उठंल?"

"ते कुणी सांगून न्हाई राह्यलं."

मुहूर्त दुपारचा. नवरदेव मांडवात आला. व्याह्यांचे थोरले भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मुहूर्त जमिनीवर, मामा हवेत. अंतरपाट कुठं धरायचा मंग?" लोक हसले. तो हवेत तरी कुठं होता. आमचे हे आत येऊन म्हणाले, "काय ते जल्दी ठरव." पोरीनं विचारलं, "आई, मामा येत न्हाई का?" तो जालन्यात होता तोवर ती त्याच्याच अंगाखांद्यावर वाढल्ती.

चुलत भाऊ दारात उभा होता. कुणाला काही न विचारता तो गेला, अन् कोपऱ्यावरच्या दुकानातून काखेत पुडकं घेऊन आला. "पोत काही बघितला न्हाई आक्का. पण पिवळी हाय." पोर ती साडी नेसली. त्यानं तिचा हात धरला. उंबऱ्यावर तिनं एकदा रस्त्याकडं पाहिलं, अन् गेली.

भाऊ आला तेव्हा शेवटची पंगत बसल्ती. त्यानं पोरीच्या गळ्यातलं मंगळसूत्र पाहिलं, अंगावरची साडी पाहिली.

"मागं कोण उभं राह्यलं?"

मी सांगितलं. त्यानं मान हलवली. पिशवी माझ्या हातात दिली, बाह्या वर केल्या अन् चुलत भावाच्या हातातली बुंदीची बादली घेतली.

"अरे बस जरा, दमून आलास," चुलत भाऊ म्हणाला.

"सकाळपासून बसूनच होतो," असं म्हणून तो खाली मान घालून वाढत गेला.

पाठवणीला भावाच्या पिशवीतली साडी मी पोरीच्या ओटीत घातली. छान होती, बारीक जरीची. तिची घडी पोरीनं आजवर मोडली न्हाई, अन् मीही कधी मोड म्हणाले न्हाई.