चौकशीबाई आणि तीन भेटी

टेलिफोन खात्यात तीस वर्षं नंबर जोडून दिल्यावर बाई निवृत्त झाल्या आणि माणसं जोडायला बसल्या. एका संस्थेच्या संकेतस्थळावर स्वयंसेवक नावं नोंदवायचे. म्हाताऱ्यांना वाचून दाखवायचं, औषधं आणून द्यायची. कुणाची गाठ कुणाशी घालायची हे बाई ठरवायच्या. आम्ही स्वयंसेवक त्यांना चौकशीबाई म्हणायचो. ते त्यांना ठाऊक होतं, आणि मनातून आवडतही होतं.

नियम त्यांनीच केलेले. आडनाव सांगायचं नाही. फोन संस्थेमार्फतच. पहिल्या तीन भेटी माडीवरच्या वाचनालयात, चारचौघांत. घरचा पत्ता त्यानंतर. एक आजोबा कुरकुरले, की जिने चढता आले असते तर मदत कशाला मागितली असती? बाईंनी त्यांना सावकाश चढायला सांगितलं.

मग त्यांच्याच डोळ्यांनी दगा दिला. माणूस कळायचा, पण छापलेलं सगळं करडं दिसू लागलं. वर्तमानपत्राशिवाय बाईंचा दिवस सरेना. शेजारच्या वहिनींना वाचायला सांगते, असं सून म्हणाली. ओळखीनं कामं करायची तर नियम कशाला केले, असं विचारून बाईंनी तिच्याकडूनच रीतसर अर्ज भरून घेतला.

संस्थेनं नर्सिंग शिकणारी एक मुलगी दिली. आवाज खणखणीत, पण अग्रलेख असा वाचायची की जणू गाडी चुकतेय. तरी बाई खुलल्या. दुसऱ्या भेटीनंतर उतरताना मात्र त्यांची शेवटची पायरी चुकली आणि त्या मटकन खाली बसल्या. गुडघा खरचटला. मुलीनं रुमाल बांधला.

"पुढच्या वेळी घरीच ये गं," बाई म्हणाल्या. "दवाखान्यामागची गल्ली, दुसरा..."

"आजी, पत्ता नका सांगू. अजून एक भेट बाकी आहे."

"अगं, हा नियम मीच केलाय."

"असं कुणीही म्हणेल, आजी."

बाई कठडा धरून उठल्या. घरी सून नियम बदलायचं म्हणाली, तर तिलाच गप्प केलं. नियमाला इतकी पक्की मुलगी हातची जायला नको. तिसऱ्या भेटीला त्या लंगडत गेल्या.

चौथ्या वेळी मुलगी घरी आली. बाईंनी दाराची साखळी न काढता ओळखपत्र मागितलं. तिनं ते फटीतून पुढे केलं. बाईंनी डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, तिरकं केलं आणि परत दिलं.

"वाच," त्या म्हणाल्या. "सावकाश."